गणपतीआधी घरातल्या सगळ्या वायरी: नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे महिनाभर आहे हातात. मुंबईवाले सगळे गावी आले की आमच्या घरात एकेका सॉकेटवर चौघांचा डोळा असतो, मोबाईल, इस्त्री, मिक्सर, आणि पाणी तापवायचा रॉड तर कोणीतरी हमखास बॅगेत घालून आणतंच. म्हणून ठरवलंय की भिंतीतल्या वायरिंगला हात लावायचा नाही, ते वायरमनचं काम, पण प्लगपासून वस्तूपर्यंत जी वायर लोंबत असते ना ती प्रत्येक वस्तूची एकदा नीट बघायची. घरात विजेचं जे काही बिघडतं त्यातलं अर्धं तिथंच असतं असं माझं मत आहे, आणि ती दुरुस्त करायची म्हणजे तिला टेप गुंडाळायची असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आज काहीच उघडलं नाही. सगळं प्लगमधून काढून पडवीत मांडलं आणि वायर हातातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून बघितली. कुठे कडक झालीय, कुठे चिकट लागते, कुठे कव्हर फाटून आतले रंग दिसतात. सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या जागा दोनच, एक प्लगच्या गळ्याशी आणि दुसरी वस्तूत शिरते तिथे. मध्ये सहसा काही होत नाही, उंदीर सोडून. फ्रिजची वायर मागच्या बाजूला उंदराने कुरतडलीय, आत तांबं अजून दिसत नाही पण हिरवी-पिवळी वायर दिसते.

आणि टेबल फॅनच्या थ्री पिन टॉपची (टॉप म्हणजे वायरच्या टोकाचा प्लग) वरची जाडी पिन कोणीतरी हॅक्सॉने कापून टाकलीय, टू पिनच्या बोर्डात बसावी म्हणून! कोणी ते सांगत नाही.

२२ जुलै

इस्त्री. आईची तक्रार होती की मध्येच बंद पडते, वायर हलवली की परत चालू. टॉप उघडला तर फेजच्या पिनेजवळचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, स्क्रू नुसत्या नखाने फिरतोय, आणि त्याखाली वायरचे बारीक तार अर्धेअधिक तुटून बाजूला पडलेले, उरलेल्या सात-आठ तारांवर इस्त्री चालली होती. तांब्याचा रंग गेलेला, काळपट-जांभळा झालेला, आणि त्या बाजूचं इन्सुलेशन बोटाने दाबलं की भुगा होतं.

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी की इस्त्रीचा लोड काही फार नाही. १००० वॅटची इस्त्री, २३० व्होल्टला भागली की साडेचार अँपिअरच्या आतच येते, म्हणजे ६ अँपिअरच्या टॉपला ती झेपायला हवी. टॉप जळला तो लोडमुळे नाही, सैल स्क्रूमुळे. सैल जागी कॉन्टॅक्ट कमी, तिथला रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे तिथेच गरम होतं, गरम-थंड होऊन स्क्रू आणखी सैल होतो आणि मग ते चक्र थांबत नाही. आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप उडणारं बोर्डातलं बटण) उडत नाही कारण त्याच्या दृष्टीने करंट अगदी नॉर्मल आहे, त्याला काय कळणार टॉपमध्ये काय शिजतंय ते.

वायरसुद्धा बदलणार. इस्त्रीची मूळ वायर कापडी विणीची असते ती शोभेसाठी नाही. साधी पीव्हीसी वायर ७० डिग्रीपर्यंतची असते आणि इस्त्रीचा तवा सहज त्याच्या दुप्पट तापतो, एकदा वायर टेकली की पीव्हीसी वितळून आतलं तांबं उघडं. वरून कापडाची वीण आणि आत रबर असलं की तेवढा वेळ मिळतो. कोणीतरी मागे या इस्त्रीला साधी पांढरी वायर लावली होती आणि तिच्यावर दोन ठिकाणी चटके बसलेत.

२७ जुलै, रविवार

कुडाळला जाऊन सामान आणलं. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "किती मीटर?" आणि दुसरा "साधी का आयएसआय?" जणू आयएसआय ही हौसेची गोष्ट आहे. आम्ही घेतली ती वायर आयएस ६९४ (पीव्हीसी वायरींचं भारतीय मानक) ची, त्यावर मार्कखाली सीएम/एल नंबर छापलेला असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आहे आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानदार जरा वैतागला पण काउंटरवरच बघून घेतलं.

आमच्याकडचे जुने वायरमन अजून चौदा छत्तीस, तेवीस छत्तीस, चाळीस छत्तीस असंच बोलतात. पहिला आकडा तारा किती, दुसरा तारेचा गेज, आणि ३६ गेज म्हणजे एक तार साधारण ०.१९ मिमी जाडीची. म्हणजे १४/३६ ला ०.४ चौरस मिमी, २३/३६ ला पाऊण चौरस मिमीपेक्षा थोडी कमी, ४०/३६ ला एकपेक्षा थोडी जास्त. आता बंडलवर सरळ ०.७५, १.०, १.५, २.५ असं येतं आणि तेच मागायचं. मी माझ्यासाठी हिशोब सोपा ठेवलाय, ०.७५ ला ६ अँपिअर, १.० ला १०, १.५ ला १६ च्या पुढे जायचं नाही. कंपन्यांच्या तक्त्यात थोडंफार कमी-जास्त असतं, पण आमच्याकडे व्होल्टेज पडतं, उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी होते, वायर कपाटामागे दाबली जाते, तेव्हा एक पायरी जाड घेतलेली बरी.

बाजूच्या रॅकवर रेडिमेड एक्स्टेंशन होतं, चांगलं दिसत होतं, भाव निम्म्याहून कमी. हातात घेतल्या घेतल्या हलकं लागलं. वायरच्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडली तर वरून तांबडी आणि आतून पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि वाकवलं की लवकर तुटतं, स्क्रूखाली दबून सैल पडतं ते वेगळंच. शंका असेल तर एक तार लायटरवर धरायची, अ‍ॅल्युमिनियमची पटकन वितळून गोळी होते, तांबं नुसतं लाल होऊन काळं पडतं. (दुकानाच्या बाहेर येऊन करायचं हे, आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या तुकड्यावर.)

२९ जुलै

नागपंचमी. लाईट सकाळपासून दुपारपर्यंत गेलेली, पाऊस मुसळधार. काम नाही.

३ ऑगस्ट, रविवार

इस्त्रीला नवीन वायर आणि नवा टॉप.

वस्तूच्या बाजूने: इस्त्रीचं मागचं झाकण काढलं की तीन टर्मिनल दिसतात, वायर कशी लावली होती त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. अर्थिंगची वायर इस्त्रीच्या लोखंडी बॉडीला स्क्रूने लागते, तिथे गंज होता, तो पॉलिशपेपरने घासून चकचकीत केला मगच लावली.

टॉपच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो कारण इथेच सगळे घाई करतात. बाहेरचं जाड कव्हर सोलायचं तेवढंच, जेवढं टॉपच्या आत जाणार आहे. क्लॅम्पखाली (टॉपच्या तोंडाशी वायर दाबून धरणारी पट्टी) बाहेरचं जाड कव्हरच आलं पाहिजे, आतल्या रंगीत वायरी नाही, नाहीतर ओढ बसली की ती सरळ स्क्रूवर येते. आतल्या तीन वायरी सारख्या लांबीच्या नाही कापायच्या, अर्थिंगची थोडी लांब ठेवायची, म्हणजे उद्या कोणी वायर धरून खेचली (खेचतातच) आणि क्लॅम्प सुटला तर आधी फेज निघेल आणि अर्थिंग सगळ्यात शेवटी. इन्सुलेशन दाताने सोलायची सवय मोडा, ब्लेडनेही नको, चार आण्याची बचत करताना तारा कापल्या जातात. स्ट्रिपर घ्या. तारा पिळ घालून दुमडून दुप्पट केल्या, स्क्रूच्या खाली घड्याळाच्या दिशेने घातल्या म्हणजे आवळताना आत ओढल्या जातात. एकही तार बाहेर मोकळी नको, कारण शेजारच्या टर्मिनलला टेकायला एकच पुरते.

टोकाला सोल्डर लावून घट्ट करायचं बरेच जण सांगतात. स्क्रूच्या टर्मिनलला ते करू नये, कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल. फेरूल (तारांच्या टोकावर चढवायची छोटी धातूची नळी) मिळाले तर ते दाबून लावायचे, नाही मिळाले तर नुसत्या पिळलेल्या तारा बऱ्या.

मग मल्टिमीटर. टॉपच्या फेज आणि न्यूट्रल पिनेमध्ये ५४ ओहम आले, १००० वॅटला ५३ च्या आसपास यायला हवेत म्हणजे बरोबर. अर्थिंगच्या पिनेपासून इस्त्रीच्या तव्यापर्यंत अर्धा ओहम. फेज पिन ते तवा, काही नाही, ओपन. हे तिन्ही जमले तरच लावायचं. वायर गळ्याशी सगळ्या बाजूंना वाकवत बीप बघितलं, तुटत नाही.

काका पडवीत बसून बघत होते, म्हणाले, "टेप मार नि चलू दे रे, काय एक होवचा नाय." मी म्हटलं, काका, टेप मारलेली जुनी वायर ही बघा. उन्हाळ्यात काळ्या टेपचा गोंद पाघळून ती सरकली होती आणि आतला जोड अर्धा बाहेर. काकांनी हातात घेऊन बघितलं आणि "माका दाखव नको" म्हणाले.

५ ऑगस्ट

मिक्सर. वायर आत शिरते तिथे तुटलेली, पीळ दिला की चालू होतो. प्लग सील बंद, उघडता येत नाही, पण तुटलेली जागा मिक्सरच्या बाजूला म्हणून प्लग तसाच ठेवला आणि वायर एक वीत कापून परत आतून जोडली. आतून, हे मुद्दाम लिहितोय, मध्येच कापून जोड मारला नाही. ज्याचा सील प्लग खराब आहे त्याचा प्लग कापून नवा लावायचा, आणि कापलेला प्लग पिना वाकवून फेकायचा, कारण पोरं ते उचलून सॉकेटमध्ये घालतात आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन इंच उघड्या वायरी असतात.

रंगांचा घोळ इथे आला. मिक्सरच्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. आणि आमच्या घरात पंपासाठी थ्री फेज आलंय तिथे भिंतीत लाल, पिवळी आणि निळी हे तिन्ही फेज! म्हणजे निळी वायर प्लगमध्ये न्यूट्रल आणि पंपाच्या बोर्डात जिवंत फेज. म्हणून रंगावर विश्वास फक्त वस्तूच्या वायरीपुरता. टॉपमध्ये एल, एन, ई कोरलेलं असतं ते बघायचं. आणि सॉकेटकडे समोरून बघताना अर्थिंगचं मोठं भोक वर असेल तर फेज उजव्या हाताला, तिथेच टेस्टर लागायला हवा.

टेस्टरची एक खूण: दोन्ही भोकांत दिवा लागला तर दोन फेज आलेत असं नाही, न्यूट्रल कुठेतरी तुटलाय आणि फेज वस्तूतून फिरून परत येतोय. चालू नाही म्हणून हात घालायचा नाही.

१० ऑगस्ट, रविवार

एक्स्टेंशन बोर्ड. जुने दोन्ही भंगारात. एकाची वायर ०.५ ची निघाली आणि त्यावर लोक इंडक्शन लावत होते.

हिशोब करून बघितला. ०.५ चौरस मिमी तांब्याची १० मीटर वायर, जायची-यायची मिळून २० मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.७८ ओहम. २००० वॅटला ८.७ अँपिअर. वायरीतच ५९ वॅट तापणार आणि ६-७ व्होल्ट गळणार. १.५ ची घेतली तर तेच २० वॅट. आता ५९ वॅट १० मीटरभर पसरले तर कोमट लागेल, पण वायर लांब आहे म्हणून तिचं वेटोळं करून गादीखाली सरकवलं तर ती सगळी उष्णता एका जागी कोंडली. रीलवरची एक्स्टेंशन असेल तर पूर्ण उलगडूनच मोठा लोड लावायचा, याचं कारण हेच.

नवीन बोर्ड स्वतः बनवला. ५ मीटर, १.५ ची थ्री कोर, १६ अँपिअरचा टॉप, बोर्डात एक १६ चं सॉकेट आणि दोन ६ ची, आणि ६ च्या दोघांसाठी ६ अँपिअरचा एक छोटा एमसीबी. एमसीबी नसता तर भिंतीतला १६ वाला उडेपर्यंत ६ चं सॉकेट जळून गेलं असतं. चार सॉकेटच्या रेडिमेड पट्टीवर लोक विसरतात की ६ अँपिअर हे प्रत्येक भोकाचे नाहीत, सगळ्यांचे मिळून आहेत, म्हणजे एकूण १३८० वॅट. मोबाईलचे वीस चार्जर चालतील, एक रॉड नाही.

पहिल्यांदा लावताना १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घेतला. रिकामा बोर्ड लावला, बल्ब पेटला नाही, म्हणजे शॉर्ट नाही. असा जुना सिरीज बोर्ड प्रत्येक वायरमनकडे असतो आणि मीटर येऊनही त्याची जागा गेली नाही.

१४ ऑगस्ट

आज मोठं काम निघालं. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात अशी बायकांची जुनी तक्रार, आणि उपाय म्हणून पायात रबरी स्लिपर. वायर बदलायची म्हणून बघितली तर वायर एकदम ठीक, अर्थिंगची वायर प्लगपर्यंत अखंड. म्हणजे घोटाळा सॉकेटच्या मागे.

मीटरने फेज ते न्यूट्रल २१८. फेज ते अर्थिंग १३० आणि आकडा नाचतोय. असा अधांतरी आकडा आला की समजायचं वायर कुठेच पोचलेली नाही. मशीनच्या आत जो फिल्टर असतो त्याचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्याच व्होल्टेजवर, शंभरएक व्होल्टवर तरंगत राहते. करंट बारीक म्हणून झिणझिण्या, पण उद्या आत खरंच फेज टेकला तर स्लिपर कोण शोधत बसणार.

वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी आधी घरातल्या सगळ्या वस्तू प्लगमधून काढायला लावल्या आणि मगच फेज ते अर्थिंग बल्ब लावून बघितला. हे आपण करायचं नाही असं त्यांनी बजावलं, कारण अर्थिंग खड्ड्याशी (जिथे अर्थिंगची वायर जमिनीत पुरलेल्या पाइपला जोडतात) तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून फेज अर्थिंगच्या वायरीवर चढतो आणि घरातल्या सगळ्या लोखंडी बॉडी एकदम जिवंत होतात. बल्ब अजिबात पेटला नाही. खड्ड्याशी बघितलं तर पाइपवरचा क्लॅम्प गंजून तुटलेला, वायर नुसती मातीत टेकलेली.

नवा क्लॅम्प, नवी वायर, आणि खड्ड्यात परत कोळसा-मीठ. आता बल्ब फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख. पण दादांनी सांगितलं की पावसात कोणाचंही अर्थिंग चांगलंच दिसतं, आमची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, तेव्हा मे महिन्यात परत तपासायचं आणि खड्ड्यात पाणी ओतत राहायचं.

मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट बाहेर गळला की लगेच उडणारा स्विच) बसवून घेतली. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा दहावा-विसावा हिस्सा अँपिअर कळतसुद्धा नाही. टेस्टचं बटण दाबून उडते का बघितलं, उडाली. घरात सगळीकडे अंधार आणि माजघरातून आईचा आवाज, "आता काय केलंस?"

१७ ऑगस्ट, रविवार

फ्रिजची वायर पूर्ण बदलली, १.० ची थ्री कोर. मागे कंप्रेसरजवळ टर्मिनल आणि क्लॅम्प दोन्ही मिळाले म्हणून सोपं गेलं. उंदराचा रस्ता बंद करायला भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं. टेबल फॅनला नवा थ्री पिन टॉप, तिन्ही पिनांचा. वरची पिन जाड असते ती दुसऱ्या भोकात जाऊ नये म्हणून, आणि लांब असते ती सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. पोरांना बोलावून दाखवलं, पुढच्या वेळी हॅक्सॉ कोण काढतो बघू.

२१ ऑगस्ट

माळा. हे सगळ्यात कंटाळवाणं. मागच्या वर्षीच्या एलईडी माळांपैकी निम्म्यांच्या वायरी केसाएवढ्या बारीक, टू पिन, आत फ्यूज नाही, आणि कंट्रोलरच्या डबीचं झाकण उघडं. २३० वर सरळ चालणाऱ्या माळेत प्रत्येक दिव्याचं टोक जिवंत समजायचं. ज्या तुटल्या होत्या त्या जोडल्या नाहीत, फेकल्या. घरात देवाजवळ लावायला अ‍ॅडॉप्टरवर चालणारी कमी व्होल्टेजची माळ घेतली.

माटवीवर (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) माळ गुंडाळायची नाही, यावर आत्याशी थोडं वाजलं. माटवीला आंब्याचे टाळे, कवंडाळं, शेरवडं, हरणं अशी रानातली फळं-फुलं सगळं ओलं बांधलेलं असतं, पाणी ठिबकत असतं, आणि ते बांधायला कित्येकदा वायरचाच तुकडा वापरतात. आत्या म्हणाली, "दरवर्षी लायतत, कोणाक काय झाला?" शेवटी माळ मागच्या भिंतीवर, मखराच्या कडेने, असं ठरलं.

बाहेर खळ्यातल्या दिव्यासाठी वायर पागोळीखालून नेली. बोर्डात शिरायच्या आधी वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, बोर्डात शिरत नाही. एक्स्टेंशनचं टोक जमिनीवर नाही, खुंटीला.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रत्येक सॉकेटवर मार्करने लिहिलं: ६ किंवा १६. रॉड फक्त न्हाणीतल्या १६ च्या सॉकेटवर, कारण १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर खातो, आणि बादलीत हात घालायच्या आधी बटण बंद करून प्लग काढायचा, नुसतं बटण नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर निघण्याची शक्यता असते, आमच्याकडे एक तसं निघालं, दादांनी फिरवून दिलं.

टॉप तासभर चालल्यावर हात लावून बघितले. इस्त्रीचा थंड. मिक्सरचा थंड. गिझरचा कोमट, चालेल. न्हाणीतला १६ चा गरम वाटला म्हणून सॉकेट बदललं, आतल्या पत्र्या ढिल्या झालेल्या, नवीन टॉप घालूनही उपयोग झाला नसता.

२६ ऑगस्ट

सगळे पोचले. एकाने मुंबईहून नवी कोरी एक्स्टेंशन आणलीय, अगदी तीच हलकी. तार खरवडून दाखवली आणि कपाटावर ठेवून दिली.

राहिलेलं: विहिरीवरच्या पंपाची केबल, तिला मध्येच एक जोड आहे आणि तो जोड झुडपात आहे. पाऊस उघडल्यावर, दादांबरोबर. दळायच्या चक्कीचा टॉप. मे महिन्यात अर्थिंग.